‘फुलपाखरू बाग’ करून देणारी सेवा : नीलवंताच्या निकषावर एक परीक्षण

गृहनिर्माण संस्थांच्या आवारात ‘फुलपाखरू बाग’ तयार करून देण्याची सेवा आता मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरातल्या अनेक रोपवाटिका व उद्यानरचनाकार देऊ लागले आहेत. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संस्थेने अशी एक सेवा घेतली. बाग लागल्यानंतरचा पावसाळा आणि पुढचा हिवाळा आता सरला आहे, त्यामुळे त्या सेवेबद्दल काही जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. व्यावसायिकाचे नाव मी देत नाही, कारण दिसलेल्या उणिवा त्याच्या एकट्याच्या नाहीत. निवड करण्यापूर्वी आम्ही वेगवेगळ्या व्यावसायिकांची माहितीपत्रके मागवली होती आणि त्यांतल्या बहुतेकांत थोड्याफार फरकाने हीच योजना, हीच झाडे आणि हेच आश्वासन होते. ज्या संस्था असा खर्च करण्याच्या विचारात आहेत, त्यांना नावापेक्षा निकष अधिक उपयोगी पडेल.

सेवेत जागेची पाहणी, आराखडा, माती तयार करणे, रोपे आणून लावणे, वनस्पतींच्या नावांच्या पाट्या, रहिवाशांसाठी एक माहितीसत्र आणि वर्षभराची देखभाल एवढ्या गोष्टी येतात. माहितीपत्रकात ‘जैवविविधतेचे संवर्धन’ हे शब्द ठळक छापलेले होते. त्याच्या मुखपृष्ठावर मात्र अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचे छायाचित्र होते, जे फुलपाखरू भारतात आढळतच नाही. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण संवर्धनाचा शब्द वापरणाऱ्याने आपण कोणाचे संवर्धन करणार आहोत हे आधी ठरवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या सेवेचे मोजमाप मी एका निश्चित प्रजातीवरून केले. ती प्रजाती म्हणजे नीलवंत, इंग्रजीत ब्लू मॉरमॉन. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान एखाद्या फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. त्या वेळी त्याचा उल्लेख ‘राणी पाकोळी’ या नावाने झाला होता. आता नीलवंत हे नाव रूढ होत आहे.

नीलवंत हे मुळात जंगलाचे फुलपाखरू आहे. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटीमीटर, रंग मखमली काळा, मागच्या पंखांचा मोठा भाग फिकट निळा आणि त्या निळ्यात काळे ठिपके. पंख मिटून बसले तर मुळाशी गडद लाल डाग दिसतात. मुख्यतः भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका हा त्याचा प्रदेश आहे. सह्याद्रीतल्या सदाहरित आणि निमसदाहरित वनांत, ओढ्याकाठी आणि जंगलातल्या पायवाटांवर ते पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत सर्वाधिक दिसते. नर उन्हात वेगाने खालीवर होत उडतो आणि ओल्या मातीवर उतरून क्षार शोषतो, ज्याला चिखलपान म्हणतात. हे फुलपाखरू आज दुर्मीळ मानले जात नाही. झाडी टिकून असलेल्या भागांत ते मुंबई-पुण्याच्या बागांतही येते, आणि म्हणूनच शहरातल्या बागेने त्याच्यासाठी काही करणे शक्य आहे. दुर्मीळ होण्याची वाट न पाहता जे आज आहे ते सांभाळणे, हा संवर्धनाचा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे.

त्याला काय लागते हे नीट समजून घेतल्याशिवाय सेवेचे परीक्षण होऊ शकत नाही. प्रौढ नीलवंत फुलांतला मधुरस पितो, आणि त्याबाबतीत तो फार चोखंदळ नसतो. त्याची अळी मात्र केवळ लिंबाच्या कुळातल्या मोजक्या वनस्पतींच्या पानांवर वाढते. जंगलात या गरजा प्रामुख्याने माकडलिंबू, किरमिरा आणि कारीवागेटी यांसारख्या झुडपांनी व वेलींनी भागतात; ही सगळी मोठ्या झाडांच्या सावलीत, खालच्या थरात वाढणारी वनस्पती आहे. मानवी वस्तीत पपनस आणि लिंबू यांवरही मादी अंडी घालते. अंडी एकेक, सुटी घातली जातात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्या सोंगामुळे वाचते; वाढीच्या शेवटच्या टप्प्यात ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. तिला डिवचले तर डोक्यामागून तांबूस रंगाचा, दोन शिंगांसारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास पसरतो. त्यानंतर कोष, आणि कोष बहुधा काडीला रेशमी धाग्याचा कंबरपट्टा बांधून टेकवलेला असतो. अंड्यापासून प्रौढ फुलपाखरापर्यंतचा हा सगळा काळ ज्या झाडावर आणि त्याच्या आसपास जातो, ते झाड नसेल तर बागेत कितीही फुले असली तरी नीलवंत तिथे फक्त पाहुणा म्हणून येईल. पाहुणा येऊन मधुरस पिऊन जाणे आणि एका पिढीने तिथे पूर्ण वाढ घेणे यांतला फरक हाच माझा निकष आहे.

आता सेवेकडे येते. पहिला आराखडा आला तेव्हा त्यात जवळजवळ सगळी झाडे फुलांची होती : पेंटास, पेंडकुळ म्हणजे इक्झोरा, जास्वंद, झेंडू, झिनिया, दुरंता, आणि कोपऱ्याकोपऱ्यात शोभेची घाणेरी. घाणेरीवर फुलपाखरे झुंडीने येतात हे खरे आहे, आणि म्हणूनच ती अशा बागांच्या यादीत शिरते. परंतु हीच वनस्पती देशभरातल्या जंगलांत बेसुमार पसरली आहे आणि ज्या थरात माकडलिंबू व किरमिरा उगवायला हवेत तोच थर ती व्यापून टाकते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर ती मुद्दाम लावणे मला पटण्यासारखे नव्हते. व्यावसायिकाला हे सांगितल्यावर त्याने घाणेरी विनातक्रार वगळली आणि तिच्या जागी भारंगी व भूतकेस सुचवली. ही त्याच्या जमेची बाजू मानली पाहिजे. भूतकेसाची पांढरी पानासारखी निदले लांबून दिसतात आणि तिच्या छोट्या नारिंगी फुलांवर नीलवंत आवर्जून येतो. पेंडकुळावरही तो भरपूर येतो. त्या निवडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. झेंडू आणि झिनिया हंगामी आहेत, शोभा देतात, त्यांबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

मूळ यादीत अळ्यांच्या खाद्यवनस्पती म्हणून फक्त कढीपत्ता आणि कागदी लिंबू अशी दोनच नावे होती, आणि तीही ‘ऐच्छिक’ या सदराखाली. माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोठा दोष तो हाच. बागेला फुलपाखरांचे नाव द्यायचे, आणि त्यांच्या आयुष्यातला जो काळ केवळ पानांवर जातो त्या काळाची सोय ऐच्छिक ठेवायची, ही रचना मुळातूनच उलटी आहे. आम्ही खाद्यवनस्पतींची स्वतंत्र यादी दिली : माकडलिंबू, किरमिरा, पपनस, लिंबू व कढीपत्ता, त्याशिवाय कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या फुलपाखरांसाठी ईश्वरीचा वेल, रेड पिएरोसाठी पानफुटी, टेल्ड जेसाठी उंच सरळ वाढणारा अशोक, एमिग्रंट फुलपाखरांसाठी बहावा आणि प्लेन टायगरसाठी रुई. रुईला काही रहिवाशांनी हरकत घेतली, कारण तिचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाच्या कडेला ती लावण्यावर एकमत झाले.

यातली पानफुटी, कढीपत्ता, लिंबू ही रोपे लगेच मिळाली. पपनसाचे कलम थोड्या विलंबाने आले. माकडलिंबू आणि किरमिरा मात्र व्यावसायिकाच्या रोपवाटिकेत नव्हतेच, आणि सुरुवातीला ‘लिंबू लावले आहे, तेच पुरेल’ असे उत्तर मिळाले. या उत्तरात तथ्यांश आहे, कारण नीलवंताची मादी लिंबावरही अंडी घालते. तरीही मी आग्रह धरला आणि त्यामागची कारणे इतर संस्थांनाही उपयोगी पडतील. एक म्हणजे लिंबाच्या झाडाला ऊन लागते, तर माकडलिंबू आणि किरमिरा इमारतींच्या सावलीतही जगतात, आणि आमच्यासारख्या उंच इमारतींच्या आवारात सावलीच अधिक असते. शिवाय लिंबाचे झाड लावले की त्याच्या फळांवर लोकांचे लक्ष राहते, पाने कुरतडलेली दिसली की कोणीतरी फवारणी सुचवते. माकडलिंबाकडून कोणाची काही अपेक्षा नसते, म्हणून त्याच्यावरच्या अळ्या सुखाने जगतात. आणि तिसरे, कदाचित सर्वांत महत्त्वाचे कारण असे की ही रोपे कोणी मागतच नाही, म्हणून रोपवाटिका ती तयार करत नाहीत; मागणी आल्याशिवाय हे चक्र तुटणार नाही. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर देशी वनस्पतींची रोपे तयार करणाऱ्या एका छोट्या रोपवाटिकेतून व्यावसायिकाने दोन्ही मिळवून दिली. रोपे लहान होती, पिशव्यांत मुळे नीट वाढलेली होती, आणि बहुतेक सगळी जगली. त्या खटपटीचे श्रेय मी त्याच्या पर्यवेक्षकाला देते; त्याने ती कामचलाऊपणे केली नाही.

रोपांबाबतचा सर्वांत गंभीर प्रश्न मात्र यानंतर समोर आला. लिंबाची पहिली खेप दिसायला अत्यंत निरोगी होती. एकाही पानाला भोक नव्हते, पानांवर चकाकी होती. त्यांच्यावर मादीने अंडी घातली, अळ्या बाहेरही आल्या, परंतु विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अवस्थेतच त्या एकेक करून मरून पडल्या. अळ्या मरण्याची कारणे अनेक असतात : परजीवी गांधीलमाश्या, कोळी, मुंग्या, बुरशी. पण त्याच वेळी शेजारच्या घराच्या जुन्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन या नीलवंताच्या जवळच्या फुलपाखराच्या अळ्या व्यवस्थित वाढत होत्या. म्हणून मी रोपवाटिकेतल्या फवारणीची चौकशी केली. लिंबाच्या रोपवाटिकेत पाने पोखरणारी नागअळी आणि लिंबावरच्या फुलपाखराची अळी या दोन्ही किडी मानल्या जातात आणि त्यांच्याविरुद्ध नियमित फवारणी होते. फळबागेच्या दृष्टीने ते समजण्यासारखेही आहे. त्यासाठी वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती रोपाच्या रसात भिनतात आणि पाने पाण्याने धुऊन त्यांचा परिणाम जात नाही. आमच्या रोपांवर नेमके काय फवारले होते याची नोंद आम्हाला मिळू शकली नाही. परंतु फुलपाखरांच्या अळ्यांना मारण्यासाठी फवारलेले रोप फुलपाखरांच्या बागेसाठी विकले जाणे हा या क्षेत्रातला पायाभूत विरोधाभास आहे, आणि ग्राहकाने विचारल्याशिवाय तो कोणी बोलून दाखवत नाही.

व्यावसायिकाने ती रोपे बदलून दिली. नवी रोपे बियांपासून वाढवलेली आणि त्याच्या सांगण्यानुसार फवारणीविरहित होती. त्यांची पाने सुरुवातीलाच थोडी कुरतडलेली होती, आणि मला ते पाहून समाधान वाटले. पावसाळा संपता संपता त्यांतल्या एका रोपावर आणि सावलीतल्या माकडलिंबावर हिरव्या, पूर्ण वाढलेल्या अळ्या दिसल्या. नीलवंत आणि कॉमन मॉरमॉन यांच्या अळ्या इतक्या सारख्या असतात की केवळ पाहून खात्रीने सांगणे अवघड आहे, त्यामुळे कोष उमलेपर्यंत थांबावे लागले. बहुतेक कोषांतून कॉमन मॉरमॉन आले. माकडलिंबाजवळच्या एका काडीवरच्या कोषातून मात्र नीलवंताची मादी बाहेर आली आणि पंख वाळवत बराच वेळ तिथेच लटकून होती. संस्थेतल्या मुलांनी ती पाहिली. एवढ्या एका कारणासाठी हा खर्च सार्थकी लागला असे मी म्हणेन, आणि ते भावनेच्या भरात म्हणत नाही. बाग खरोखर काम करते आहे याचा तो पुरावा आहे.

कॉमन मॉरमॉनबद्दल थोडे विषयांतर करते, कारण त्याचा बागेच्या आराखड्याशी संबंध आहे. या फुलपाखराच्या काही माद्या विषारी असलेल्या कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांची हुबेहूब नक्कल करतात. या नकलेमागे ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक असल्याचे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिले. नकलेचा फायदा तेव्हाच होतो जेव्हा परिसरात मूळ विषारी फुलपाखरूही असते आणि पक्ष्यांना त्याचा अनुभव आलेला असतो; आणि ते विषारी फुलपाखरू ईश्वरीच्या वेलाशिवाय वाढत नाही. म्हणजे लिंबाच्या शेजारी ईश्वरी लावणे हे दोन वेगळ्या फुलपाखरांची सोय करण्याइतके साधे नाही; त्यांच्यातला जंगलातला संबंधही त्यामुळे बागेत टिकतो. असा विचार कोणत्याही माहितीपत्रकात मला दिसला नाही.

बागेची आखणी एकूण चांगली झाली आहे. फुलांचे वाफे उन्हाच्या पट्ट्यात, खाद्यवनस्पती कडेच्या सावलीत, आणि मध्ये सिमेंट न घालता मुरुमाची पायवाट. गळक्या नळाजवळच्या जागेत माती, वाळू आणि थोडे शेणखत मिसळून कायम ओलसर राहणारा एक चौक केला आहे, जिथे सप्टेंबरपासून पुढे नर चिखलपानासाठी उतरू लागले. ही कल्पना व्यावसायिकाचीच होती आणि ती अतिशय उत्तम आहे. नावांच्या पाट्या सुबक आहेत, फक्त त्यांवर वनस्पतीचे नाव आहे आणि तिच्यावर कोणाची अळी वाढते हे नाही. ते आम्ही नंतर रंगवून घेतले.

देखभालीच्या कराराबद्दल मात्र मला कठोर लिहावे लागेल. त्यात दर पंधरवड्याला छाटणी, पालापाचोळा उचलणे आणि ‘गरजेनुसार कीडनियंत्रण’ अशी कलमे होती. ही कलमे कोणत्याही सर्वसाधारण बागेच्या करारातून जशीच्या तशी उचललेली आहेत. लिंबाच्या कुळातल्या झाडांना कोवळी पालवी फुटते तेव्हा मादी तिथे अंडी घालते; दर पंधरवड्याच्या छाटणीत नेमकी तीच पालवी जाते. पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी अनेकदा झाड सोडून जवळच्या काडीवर, कुंपणावर किंवा सुकलेल्या देठावर जाते. पालापाचोळा आणि वाळक्या काड्या उचलून नेल्या की कोषही कचऱ्यात जातात. कीडनियंत्रणाचे कलम तर आम्ही पूर्णपणे काढून टाकायला लावले, ज्यात निंबोळी तेल आणि जैविक म्हणून विकली जाणारी, एका जिवाणूपासून केलेली बीटी पावडरसुद्धा आली, कारण बीटी हे अळ्यांवरच काम करते. जैविक असणे आणि फुलपाखरांसाठी निरुपद्रवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पर्यवेक्षकालाही नव्याने समजावून सांगावे लागले.

प्रत्यक्षात ही बाग करारापेक्षा आमच्या माळीकाकांमुळे टिकली. त्यांना एकदा अळी आणि कोष दाखवल्यानंतर त्यांनी स्वतःहून छाटणीपूर्वी फांद्या तपासायला सुरुवात केली, अळ्या असलेल्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवण्याची पद्धत त्यांचीच. सेवेच्या माहितीसत्रात रहिवाशांना पडद्यावर सुंदर छायाचित्रे दाखवली गेली; त्याऐवजी तोच तास माळ्यांना आणि सफाई कर्मचाऱ्यांना बागेत उभे राहून दिला असता तर त्याचा कितीतरी अधिक उपयोग झाला असता. रहिवाशांच्या शंकाही सत्रात पुरेशा हाताळल्या गेल्या नाहीत. सुरवंट अंगावर गेला की खाज येते ही भीती अनेकांच्या मनात असते. ती केसाळ सुरवंटांच्या बाबतीत रास्त आहे, पण नीलवंत आणि लिंबावरच्या इतर फुलपाखरांच्या अळ्या गुळगुळीत असतात, चावत नाहीत, आणि त्यांचा तो तांबूस अवयव केवळ वास सोडतो. एवढे स्पष्ट सांगितले असते तर पहिल्या महिन्यात काही घरांतून ‘अळ्या काढून टाका’ अशा ज्या सूचना आल्या त्या आल्या नसत्या.

डासांसाठी होणाऱ्या धूरफवारणीचा प्रश्नही सेवेच्या कक्षेत यायला हवा होता. धूर डास आणि फुलपाखरू असा भेद करत नाही. आम्ही आवारातले साचलेले पाणी काढणे, टाक्यांना जाळ्या बसवणे आणि बागेच्या बाजूने फवारणी टाळणे असा मार्ग काढला. डासांचा उपद्रव गंभीर असेल तिथे माणसांच्या आरोग्याला प्राधान्य द्यावेच लागेल, परंतु फुलपाखरू बाग विकणाऱ्याने हा विषय पाहणीच्या दिवशीच काढला पाहिजे.

याच सेवेत उद्घाटनाच्या दिवशी पेटीतून फुलपाखरे सोडण्याचा एक अतिरिक्त कार्यक्रमही देऊ केला होता. आम्ही तो नाकारला. कुठून आणलेली, कशी वाढवलेली, कोणत्या रोगांसह आलेली फुलपाखरे सोडली जात आहेत हे कळण्याची सोय नसते. प्रवासात आणि पेटीत त्यांचे हाल होतात, आणि ज्या बागेत खाद्यवनस्पती अजून रुजलेल्या नाहीत तिथे ती सोडून काहीच साध्य होत नाही. येऊरच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांना फुलपाखरे विकत आणण्याची गरज नाही. झाड लावले तर ती स्वतःहून शोधत येतात, हे आम्ही पाहिले आहे.

बागेची मर्यादाही इथे नोंदवायला हवी, कारण माहितीपत्रकातला ‘संवर्धन’ हा शब्द तिच्याकडे दुर्लक्ष करतो. आमच्या बागेत आलेली मादी कुठून आली? जवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीतून. त्या झाडीतला खालचा थर वणव्यांनी जळाला, घाणेरीखाली दबला, किंवा रस्ते आणि बांधकामांसाठी कडेने कापला गेला, तर लिंबाची कितीही रोपे लावली तरी त्यांच्यापर्यंत पोहोचायला नीलवंत उरणार नाही. सह्याद्रीतल्या देवरायांमध्ये हा थर अजून टिकून आहे, कारण तिथली काडीही उचलायची नाही असा संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. नीलवंतासारख्या फुलपाखरांचे खरे घर ते आहे. शहरातली बाग दोन झाडीच्या तुकड्यांमधला थांबा होऊ शकते, आणि तो थांबा महत्त्वाचा आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल असणे ही पूर्वअट आहे. ज्यांच्या आवाराजवळ असे कोणतेही जंगल, टेकडी किंवा जुनी बाग नाही, त्यांनी नीलवंताची अपेक्षा न ठेवता कढीपत्ता, पानफुटी, बहावा यांवर येणाऱ्या नेहमीच्या फुलपाखरांसाठी बाग करावी. तीही कमी मोलाची नाही.

सेवेत नोंदी ठेवण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. आम्ही प्रवेशद्वाराजवळ एक वही ठेवली आहे आणि मुले तीत तारीख, फुलपाखरू आणि ते कोणत्या झाडावर दिसले हे लिहितात. सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो, त्यानिमित्ताने या नोंदी छायाचित्रांसह नागरिक-विज्ञानाच्या संकेतस्थळांवर देता येतात. व्यावसायिकाने बाग देतानाच अशी एक वही आणि ती कशी भरायची याचे अर्ध्या तासाचे मार्गदर्शन दिले, तर पुढच्या वर्षी बागेत काय बदलायचे हे अंदाजावर ठरवावे लागणार नाही.

एकंदर खर्च नेहमीच्या शोभेच्या बागेपेक्षा काहीसा जास्त आला, मुख्यतः देशी रोपे शोधून आणण्यामुळे. काम सांगितलेल्या मुदतीत झाले, पर्यवेक्षकाची वागणूक सौजन्याची होती, चुका दाखवल्यावर त्या दुरुस्त केल्या गेल्या. त्यामुळे ही सेवा घ्यावी असेच मी सांगेन, पण व्यावसायिकाची छापील योजना जशीच्या तशी स्वीकारून नव्हे. करारात निम्म्याहून अधिक रोपे खाद्यवनस्पतींची असावीत, त्यांत माकडलिंबू किंवा किरमिरा यांपैकी एक तरी असावे, रोपांवर आधी कोणती फवारणी झाली हे लेखी द्यावे, घाणेरी नसावी, कीडनियंत्रणाचे कलम नसावे, छाटणी अळ्या तपासूनच व्हावी, आणि माहितीसत्र माळ्यांसाठी बागेतच घ्यावे, हे मुद्दे लिहून घ्यावेत. रोपांची मागणी पावसाळ्याच्या बरीच आधी, शक्यतो हिवाळ्यातच नोंदवावी, कारण देशी रोपे तयार करणाऱ्या रोपवाटिका छोट्या आहेत आणि जूनमध्ये त्यांच्याकडे फारसे काही शिल्लक राहत नाही. आमच्या संस्थेने पुढच्या वर्षाचा देखभाल करार याच अटींवर नव्याने करायचे ठरवले आहे, आणि व्यावसायिकाने मसुद्यातल्या फवारणीच्या नोंदीची अट वगळता बाकी सगळ्या मान्य केल्या आहेत. ती एक अट मान्य होईपर्यंत सही करू नये, असे मी समितीला कळवले आहे.